पंप लागताच बोर्ड रिसेट का होतो: करंटच्या वाटेचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माती कोरडी झाली की पाणी सोडणारं सर्किट तुम्ही घरी जुळवलंय. त्यात ईएसपी३२ या वाय-फायवाल्या मायक्रोकंट्रोलर चिपचा तयार बोर्ड आहे, ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर आहे, डीएस१८बी२० तापमापक आहे आणि आयआरएफझेड४४एन मॉसफेटवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवरून, चालणारा छोटा डीसी पंप आहे. सगळ्यांना मिळून २५०० मिलिअँप-तासांचा एकच १८६५० लिथियम सेल, तोही बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडलेला. दर १५ मिनिटांनी बोर्ड उठतो, चारेक सेकंदांत मोजमाप करून वाय-फायवर आकडे पाठवतो आणि डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळपास सगळं बंद ठेवणाऱ्या झोपेत, जातो. यूएसबीवर सगळं सुरळीत चालतं. सेलवर लावलं की पंप सुरू होताच बोर्ड रिसेट होतो, तापमान मधूनच नेमकं ८५ अंश येतं, आणि सहा-सात महिने पुरेल असं वाटलेला सेल बाराव्या दिवशी संपतो. डिले टाकले, लायब्ररी बदलली, व्होल्टेज पडलं की चिप रिसेट करणारा ब्राउनआउट डिटेक्टरही बंद केला, तरी फरक नाही.

आधी कोडला हात लावणं थांबवा. तिन्ही तक्रारी एकाच घरच्या आहेत. सर्किट काढताना आपण सिग्नलच्या तारा काढतो: हा पिन तिकडे, तो पिन इकडे. करंट किती, केव्हा, कुठल्या वाटेने जातो आणि कुठल्या वाटेने परततो, हे कागदावर येतच नाही. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच करत होतो. एकदा मोटरच्या एका सर्किटमागे दोन आठवडे इंटरप्टचा कोड पुनःपुन्हा लिहिला. शेवटी दोष निघाला ब्रेडबोर्डवरच्या एका काळ्या जंपर वायरचा. तेव्हापासून कुठलंही सर्किट हातात आलं की आधी करंटची वाट रेखाटतो.

ब्राउनआउट डिटेक्टर बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो आणि तो वाईट आहे. व्होल्टेज साधारण अडीच व्होल्टखाली गेलं की चिप स्वतःला रिसेट करते, कारण त्याखाली ती काय करेल याचा भरवसा नसतो: फ्लॅशमधून चुकीची सूचना वाचेल, किंवा लिहिता लिहिता डेटा बिघडवेल. डिटेक्टर बंद केल्याने व्होल्टेज सावरत नाही, फक्त आपल्याला कळायचं थांबतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तो परत चालू करा.

मग पहिलं काम: रिसेट कशामुळे झाला हे चिपलाच विचारा. ईएसपी३२मध्ये esp_reset_reason हे फंक्शन वीज आल्यामुळे, वॉचडॉगमुळे (कोड अडकला की रिसेट करणारा टायमर), क्रॅशमुळे की ब्राउनआउटमुळे रिसेट झाला ते सांगतं. सुरू होताच ते वाचा आणि प्रत्येक कारणाचा मोजक फ्लॅशमध्ये साठवा. सीरियल मॉनिटरवर पाहायचं म्हणून यूएसबी लावाल तर यूएसबीच बोर्डाला वीज पुरवेल आणि दोष पळून जाईल. यूएसबीवर सगळं सुरळीत दिसण्याचं अर्धं कारण हेच. सीरियल पाहायचंच असेल तर वेगळा अ‍ॅडॉप्टर घेऊन फक्त ग्राउंड आणि डेटाची तार जोडा. कुणी एटीमेगा३२८पी वापरत असेल तर तिथे हीच माहिती एमसीयूएसआर नावाच्या रजिस्टरमध्ये असते, पण अर्डुइनोचा बूटलोडर, म्हणजे आधी चालणारा छोटा प्रोग्राम, तुमचा कोड सुरू होण्याआधीच ते पुसतो. कारण नेहमी शून्य दिसलं तर गोंधळू नका.

तुमच्या बाबतीत ब्राउनआउटच निघेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. का ते आकड्यांत पाहू.

पंप थांबलेला असताना मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजा. आधी मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवून त्यांचा रोध वजा करा, शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच वेळा मोजा आणि सर्वांत लहान आकडा घ्या. समजा ३ ओहम निघाला. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट कमी होतो. तुमचा पंप चालताना २५० मिलिअँप घेत असेल. पण सुरू होण्याच्या क्षणी ती नुसती ३ ओहमची तार असते. सेल ३.९ व्होल्टवर आहे. सेलचा अंतर्गत रोध, संरक्षक सर्किट, होल्डरच्या स्प्रिंगा आणि तारा मिळून पाव ओहम धरा. ३.९ भागिले ३.२५, म्हणजे १.२ अँपिअर. त्या पाव ओहमवर ०.३ व्होल्ट पडतात आणि बोर्डाला मिळतात ३.६.

आता बोर्डावरचा रेग्युलेटर. स्वस्त बोर्डांवर बहुतेक एएमएस१११७ असतो. तो ५ व्होल्टचे ३.३ करायला ठीक आहे, पण इनपुट आणि आउटपुटमध्ये त्याला एक व्होल्टच्या आसपास अंतर लागतं, मोठ्या लोडवर १.१ ते १.३. म्हणजे ३.६ मधून चिपला उरतात २.६, फार तर. त्याच वेळी वाय-फाय सुरू असेल तर प्रक्षेपणाच्या क्षणी ईएसपी३२ एकटा २४० मिलिअँपपर्यंत मागतो. झालं, अडीचच्या खाली. सेल पूर्ण भरलेला असतानाही, म्हणजे ४.२ व्होल्टवरही, हा बोर्ड ३.३ पाहतच नाही. तो सुरुवातीपासून अर्धपोटी चालतोय. पंप नुसता शेवटचा धक्का देतो.

तापमापकाची ८५ अंशांची गोष्टही इथेच सुटते. डीएस१८बी२०ला वीज मिळते त्या क्षणी त्याच्या रजिस्टरमध्ये ८५ हाच आकडा भरलेला असतो, आणि पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत तोच वाचला जातो. १२ बिटांच्या मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. म्हणून ८५ दिसण्याची कारणं दोनच: मोजमाप पूर्ण व्हायच्या आत तुम्ही वाचलंत, किंवा मध्येच त्याची वीज गेली. त्याला किमान ३ व्होल्ट लागतात आणि तुमची लाइन २.६ वर येते. ईएसपी३२ कसाबसा तग धरतो त्या वेळीही हा बिचारा रिसेट झालेला असतो. खरं तर या सेन्सरने तुम्हाला दोषाचं मूळ पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. (उणे १२७ दिसलं तर ती वेगळी भानगड: सेन्सर सापडतच नाही, म्हणजे तार किंवा ४.७ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे डेटाची तार वर ओढून धरणारा रेझिस्टर, तपासा.)

माझ्या हिशेबावर विसंबू नका, तीन सोप्या चाचण्या करा. एक, पंपाला वेगळा सेल द्या आणि दोन्ही बाजूंचं फक्त ग्राउंड जोडा. रिसेट थांबले तर दोष सामायिक सेलचा आहे. दोन, पंप काढून त्याच्या जागी साधारण तेवढाच करंट घेणारा जाड रेझिस्टर लावा, १५ ओहमचा चालेल. रेझिस्टरवर सगळं ठीक आणि पंपावर गडबड, तर सुरुवातीचा झटका किंवा मोटरच्या ब्रशांच्या ठिणग्यांचा गोंगाट जबाबदार. तीन, पंप तसाच ठेवून वाय-फाय बंद करून पाहा. मल्टिमीटर लावून व्होल्टेज ‘नीटच दिसतंय’ असं मात्र म्हणू नका. तो सेकंदाला दोन-तीन वेळा सरासरी दाखवतो. ५० मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसणारच नाही. ऑसिलोस्कोप असेल तर तो ३.३च्या लाइनवर लावा, ट्रिगर ३ व्होल्टला, उतरत्या बाजूवर, सिंगल मोडमध्ये. प्रोबची ग्राउंड क्लिप चिपच्या जवळच्या ग्राउंडला लावा, सेलपाशी नको.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं: ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. कुठे टाकायचा ते सांगतोच, पण आधी गणित. १.२ अँपिअर ५० मिलिसेकंद म्हणजे ०.०६ कूलंब. एवढा भार ४७० मायक्रोफॅरडमधून काढायचा तर व्होल्टेज १२८ व्होल्टने घसरायला हवं, आपल्याकडे एकूण चारच आहेत. घसरण ०.३ व्होल्टवर रोखायची तर ०.२ फॅरड लागतील. म्हणजे मोटरच्या सुरुवातीच्या झटक्यापुढे हा कपॅसिटर समुद्रात टाकलेल्या चिमूटभर साखरेसारखा. याउलट वाय-फायच्या प्रक्षेपणात करंट एकदम चढतो आणि रेग्युलेटर सावरेपर्यंत काही मायक्रोसेकंद जातात. ३०० मिलिअँप २०० मायक्रोसेकंद धरले तरी ४७० मायक्रोफॅरडवर घसरण जेमतेम ०.१३ व्होल्ट. तिथे तोच कपॅसिटर सोन्यासारखं काम करतो, पण चिपच्या पिनांपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत हवा. वीतभर तारेच्या टोकाला लोंबणारा कपॅसिटर तारेच्या इंडक्टन्समुळे निम्मा वाया जातो. शिवाय प्रत्येक चिपच्या वीजपिनला चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक, तो तर न विचारता लावायचा. सिरॅमिकबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: छोट्या आकाराच्या १० मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकवर त्याच्या कमाल मर्यादेजवळचं व्होल्टेज दिलं की त्याची क्षमता निम्म्याहूनही खाली येऊ शकते. ३.३ व्होल्टसाठी ६.३ व्होल्टचा घेण्याऐवजी १६चा घ्या.

तर झटक्याचं काय करायचं? तो मुळात येऊच द्यायचा नाही. पंप एकदम चालू न करता पीडब्ल्यूएमने, म्हणजे वेगाने चालू-बंद करून सरासरी वीज वाढवत, ३०० मिलिसेकंदांत शून्यावरून पूर्ण वेगावर न्या. ईएसपी३२च्या एलईडीसी या भागातून २० किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम सहज निघतो आणि कानाला शिट्टीही ऐकू येत नाही. आणि आता तो ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पंपाच्या पुरवठ्यापाशी, मॉसफेटच्या शेजारी ठेवा. २० किलोहर्ट्झला त्याला फक्त २५-३० मायक्रोसेकंदांचे तुकडे सांभाळायचे असतात. एका अँपिअरला घसरण ५० मिलिव्होल्टच्या आसपास राहते. सेलला मग तुकडे दिसत नाहीत, हळूहळू चढणारी सरासरी दिसते.

पीडब्ल्यूएम आला की डायोडही बदलावा लागतो. मोटरला समांतर, कॅथोड धन बाजूला, असा डायोड तुम्ही लावलाय हे चांगलं. नसता तर मॉसफेट कधीच गेला असता. पण १एन४००७ हा मंद डायोड आहे. चालू-बंदपुरता ठीक, २० किलोहर्ट्झला मात्र तो वेळेत बंद होत नाही आणि प्रत्येक चक्रात मॉसफेटमधून थेट शॉर्टसारखा करंट वाहतो. १एन५८१९ शॉटकी लावा. मोटरच्या टोकांवर थेट १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक सोल्डर केला की ब्रशांच्या ठिणग्यांचा गोंगाट उगमापाशीच दबतो.

मॉसफेटही बदला. आयआरएफझेड४४एनचं नाव सगळीकडे दिसतं, पण त्याचा १७.५ मिलिओहम रोधाचा देखणा आकडा गेटवर, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पिनवर, १० व्होल्ट असतानाचा आहे. त्याचं थ्रेशोल्ड, म्हणजे उघडायला सुरुवात होण्याचं व्होल्टेज, २ ते ४ व्होल्टच्या मधे कुठेही असू शकतं, आणि थ्रेशोल्ड म्हणजे पूर्ण उघडणं नव्हे. तिथे तो पाव मिलिअँपपुरता किलकिला झालेला असतो. ३.३ व्होल्टवर तुमचा नग चालतो हा नशिबाचा भाग, पुढचा चालेलच असं नाही. डेटाशीटमध्ये पाहायचं ते हे: तुम्ही गेटला जे व्होल्टेज देणार आहात, त्याच्या खालच्या व्होल्टेजला रोध लिहून दिलाय का? एओ३४००चा रोध २.५ व्होल्टलाही दिलेला असतो आणि तो ५० मिलिओहमच्या आसपास आहे. एसओटी-२३ पॅकेज छोटं असलं तरी हाताने सोल्डर होतं, फ्लक्सची कंजुषी न केली तर.

गेट आणि ग्राउंडच्या मधे १०० किलोओहमचा रेझिस्टर असलाच पाहिजे. रिसेटमध्ये आणि बूट होताना पिन अधांतरी असतो. डीप स्लीपमध्येही, तुम्ही तो मुद्दाम धरून ठेवला नाहीत तर. अधांतरी गेट म्हणजे बोट जवळ नेलं तरी पंप चालू होण्याची शक्यता, आणि बोर्ड झोपलेला असल्याने तो बंद करायला कुणी नाही. पिन निवडतानाही जपून. ईएसपी३२चे ०, २, ५, १२ आणि १५ हे पिन बूट होताना चिप स्वतः वाचते. १२वर कुठल्या मॉड्यूलच्या पुल-अपमुळे व्होल्टेज असेल तर ती फ्लॅशला १.८ व्होल्टची समजते आणि बोर्ड उठतच नाही. ३४ ते ३९ फक्त इनपुट, आतले पुल-अपही नाहीत. ओलाव्याचा सेन्सर एडीसी-२च्या, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या दुसऱ्या भागाच्या, पिनांवर असेल तर वाय-फाय चालू असताना तो वाचता येणार नाही. ३२ ते ३९ मधला एखादा घ्या.

आता परतीची वाट, जिच्यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. ‘ग्राउंड’ हा शब्दच फसवा आहे. ऐकताना वाटतं की ग्राउंड म्हणजे सगळीकडे शून्य. प्रत्यक्षात तीही तारच आहे, तिलाही रोध आहे, आणि पंपातून गेलेला प्रत्येक अँपिअर तिच्यातून परत येतो. ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि जंपर वायरच्या दोन टोकांचे संपर्क मिळून ०.१५ ओहम सहज होतात. पंपाचे १.२ अँपिअर त्याच काळ्या पट्टीतून परतत असतील तर पट्टीच्या एका टोकाचं ‘शून्य’ दुसऱ्या टोकापेक्षा ०.१८ व्होल्ट वर असतं. ओलाव्याचा सेन्सर त्या टोकाला असेल तर १२ बिटांच्या एडीसीवर, एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची धरून, वाचन सव्वादोनशे पायऱ्यांनी सरकतं. पंप चालू असताना माती अचानक ‘कोरडी’ किंवा ‘ओली’ होते ती अशी. कोडमध्ये सरासरी काढून हे जात नाही, कारण ते खरंच तिथे असलेलं व्होल्टेज आहे.

इलाज सोपा आहे. पंपाची ऋण वाट मॉसफेटच्या सोर्स पिनपासून जाड तारेने सरळ सेलच्या ऋण टोकाला न्या. बोर्डाची ऋण तार वेगळी, तीही सेलच्या त्याच टोकाला. सेन्सरांचं ग्राउंड बोर्डाला. म्हणजे दोन वाटा सेलच्या तोंडाशीच भेटतात, वाटेत कुठेही नाही. कागदावर लाल पेनाने पंपाच्या करंटचा पूर्ण वेटोळा काढा: सेलच्या धनपासून निघून ऋणपर्यंत परत. निळ्याने बोर्डाचा काढा. लाल आणि निळी रेघ जिथे एकाच तारेवरून जाते, ती तार संशयित.

पुढे पीसीबी, म्हणजे छापील सर्किट-बोर्ड, कराल तेव्हाही हेच. नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्यावर एका चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम असतो, चौकोन कितीही मोठा असो. १०० मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर रुंद ट्रॅक म्हणजे ४०० चौकोन, ०.२ ओहम. पंपासाठी दोन मिलिमीटर रुंद ट्रॅक घेतला की २५ मिलिओहमवर येतो. सॉफ्टवेअर आपणहून बारीक ट्रॅक ओढतं आणि आपण तो तसाच ठेवतो. खालचा थर सलग ग्राउंडचा ठेवा, त्यात सिग्नलचे लांब चर पाडू नका, आणि ईएसपी३२च्या अँटेनाखाली मात्र तांबं अजिबात नको.

बॅटरीकडे येतो. तुमचा कागदावरचा हिशेब मला कळला: जागेपणी ४ सेकंद सरासरी १०० मिलिअँप, १५ मिनिटांच्या चक्रावर पसरले की ०.४४ मिलिअँप, झोपेत चिपचे १० मायक्रोअँप, २५०० भागिले ०.४५, सव्वादोनशेच्या पुढे दिवस. चूक एकच: झोपते ती चिप, बोर्ड झोपत नाही. एएमएस१११७ काहीही न करता साधारण ५ मिलिअँप खातो. लाल पॉवर एलईडी एक-दोन मिलिअँप. यूएसबी-सीरियलची चिप आणि सेन्सर उरलेले. ८ मिलिअँप धरा. त्यात जागेपणाचे ०.४४ मिळवले की दिवसाला २०३ मिलिअँप-तास, पंप दिवसातून दोनदा २० सेकंद चालला तर आणखी २.८. २५०० भागिले २०६, म्हणजे बारा दिवस. तुमचा सेल अगदी प्रामाणिकपणे संपतोय.

झोपेतला करंट मोजताना एक अडचण येते, तीही व्होल्टेज पडण्याचीच. मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर ठेवला की त्याच्या आत शंभर किंवा त्याहून अधिक ओहमचा रोध करंटच्या वाटेत येतो. बूट होताना लागणारे शेकडो मिलिअँप त्यातून जाऊच शकत नाहीत आणि बोर्ड उठतो-पडतो, उठतो-पडतो. मीटरच्या दोन टोकांवर एक जंपर लावून ठेवा, बोर्ड झोपला की जंपर काढा, वाचा, आणि उठायच्या आधी परत लावा. मग एकेक संशयित काढत जा: एलईडीचा रेझिस्टर काढला, किती कमी झाला? सेन्सर सुटा केला, किती? पंधरा मिनिटांत कोण किती खातो त्याची यादी हातात येते.

रेग्युलेटर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. एपी२११२के-३.३ हा ६०० मिलिअँप देतो, पूर्ण लोडवरही त्याला पाव व्होल्ट अंतर पुरतं आणि स्वतः ५५ मायक्रोअँप खातो. एमसीपी१७००चा स्वतःचा खर्च जेमतेम दीड मायक्रोअँप, पण तो २५० मिलिअँपलाच थांबतो. चिप बनवणारी एस्प्रेसिफ स्वतः ईएसपी३२ला ५०० मिलिअँपचा पुरवठा ठेवायला सांगते. एमसीपी१७००वर लोक चालवतात, मी चालवत नाही. तयार बोर्डावर ही शस्त्रक्रिया करण्याऐवजी नुसतं ईएसपी३२ मॉड्यूल घेऊन त्याच्याभोवती आपला छोटा बोर्ड करणं सोपं. आणखी एक आडवाट आहे: लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल. तो बहुतेक वेळ ३.२-३.३ व्होल्टवर बसलेला असतो आणि रेग्युलेटरशिवाय थेट जोडता येतो. फक्त चार्जर त्याच्याच जातीचा हवा, आणि चार्जरवरून नुकताच काढलेला सेल लगेच लावू नका, ३.६च्या वर असतो.

सेलचं व्होल्टेज मोजायला दोन १०० किलोओहमचे रेझिस्टर लावले असतील तर ते दिवसरात्र २१ मायक्रोअँप पितात, झोपलेल्या चिपच्या दुप्पट. दोन्ही १ मेगाओहमचे करा आणि मधल्या बिंदूपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड द्या. एडीसीला क्षणभर लागणारा भार तो पुरवेल. ओलाव्याच्या सेन्सरची वीज पिनवरून किंवा पी-चॅनल मॉसफेटवरून द्या, वाचायच्या आधी २०० मिलिसेकंद चालू करा, वाचा, बंद करा. आय-टू-सीसारख्या दोन तारांवर बोलणाऱ्या सेन्सरची वीज कापताना त्याच्या डेटाच्या तारा मात्र वर राहू देऊ नका; नाहीतर आतल्या संरक्षक डायोडांतून करंट चोरवाटेने आत शिरतो आणि चिप ना जिवंत ना मेलेली अशी लटकते. सेन्सरवरची चिपही भिंगाखाली पाहून घ्या. या पट्ट्यांवर टीएलसी५५५ ही टायमर चिप अपेक्षित असते, काहींवर एनई५५५ लावलेली सापडते. तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, म्हणून ३.३वर तिचे आकडे कुठेही भरकटतात.

एवढं केल्यावर नवा हिशेब: झोपेत ६५ मायक्रोअँप, सरासरी ०.५१ मिलिअँप, दिवसाला १२ आणि पंपाचे तीन, मिळून १५ मिलिअँप-तास. सेलचे ८० टक्केच वापरता येतात असं धरा. चार महिन्यांहून थोडं अधिक. तुमच्या सहा-सात महिन्यांपेक्षा कमी, पण खरं. यापुढचा फायदा मात्र कोडमध्ये आहे, आता त्याला हात लावा. माती दर १५ मिनिटांनी मोजा, पण वाय-फाय चारातून एकदाच. नुसत्या मोजमापाला अर्धा-पाऊण सेकंद ४० मिलिअँप पुरतात. तापमान वाय-फाय सुरू असलेल्या फेरीतच घ्या, म्हणजे ७५० मिलिसेकंदांची वाट फुकटात पाहून होते. ताशी खर्च १६०० मिलिअँप-सेकंदांवरून पाचशेच्या आत येतो आणि सेल आठ-नऊ महिन्यांवर जातो.

कोडमध्ये आणखी दोनच गोष्टी. पंप आणि वाय-फाय एकाच वेळी कधीच नको: आधी पाणी, पंप बंद, मग रेडिओ. आणि सुरू होताच मागचा रिसेट ब्राउनआउटचा होता असं दिसलं तर त्या फेरीत पंपाला हात न लावता झोपी जा. सध्या तुमचा बोर्ड उठतो, माती कोरडी पाहतो, पंप लावतो, पडतो, परत उठतो, माती अजून कोरडीच, परत पंप. सेल ३.४ व्होल्टच्या खाली असेल तेव्हाही पंप नाही.

पुढे आय-टू-सीचा पडदा जोडाल म्हणून जाता जाता सांगतो. बाजारातल्या प्रत्येक मॉड्यूलवर स्वतःचे पुल-अप असतात. ४.७ किलोओहमचे पाच समांतर झाले की ९४० ओहम उरतात आणि तार खाली ओढायला साडेतीन मिलिअँप लागतात. मानकात ३च आहेत. जास्तीचे काढून टाका. आणि संवादाच्या मध्यावर रिसेट झाला तर समोरची चिप डेटाची तार खाली धरून बसते, बोर्ड परत उठला तरी सोडत नाही. अशा वेळी क्लॉकचे ९ ठोके हाताने द्यायचे, ती सोडते.

करून पाहा, पण एका वेळी एकच बदल. पहिला ग्राउंडच्या तारांचा करा, त्याला सोल्डरिंग आयर्नही लागत नाही. त्यानंतर पंपाचा रोध, रिसेटचं कारण आणि झोपेतला करंट हे तीन आकडे कळवा. पंपाचा रोध दीड ओहमच्या आत निघाला तर मात्र एका सेलवर दोघांचा संसार चालणार नाही, पंपाला वेगळा सेल द्यावा लागेल.